आयलर्टचे ऊबदार हात

धक्क्यावर त्या दिवशी चाळीस माणसं तरी जमली होती. आमच्या बेटावर एवढी गर्दी चर्चमध्येही होत नाही. हातांच्या उबेने बरं करतो म्हणवणारा आयलर्ट योरुनच्या लाकडी बोटीत गुडघे टेकून बसला होता. त्याने इंजिनावर आपली लोकरी शाल पांघरली, शालीखाली दोन्ही हात घातले आणि सगळ्यांना डोळे मिटायला सांगितलं.

"इंजिनालाही जीव असतो," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "हे रुसलंय. कोणीतरी थंड मनाने याला हात लावलाय."

तो कोणीतरी म्हणजे मी. दोन सिलिंडरचं ते जुनं पेट्रोल इंजिन अख्खा हिवाळा खपून मीच खोललं होतं. रिंगा नव्या घातल्या, व्हॉल्व्ह घासले, ठिणगीचं टायमिंग लावलं. आणि सकाळपासून ते नुसतं ठसकत होतं. आयलर्टने शाल उचलली, योरुनने चावी फिरवली आणि इंजिन पहिल्याच फटक्यात सुरू झालं. लोकांनी टोप्या काढल्या. माझ्या बायकोने, बोर्गहिल्डने, त्याला गरम वॉफल दिलं, वर तपकिरी चीज. मला म्हणाली, तुझं घरी आहे, कालचं.

मी जळलो. उगाच कशाला लपवू? हिवाळाभर हात काळे केले मी आणि मान मिळाला दोन मिनिटं शाल पांघरणाऱ्याला. त्या रात्री मला झोप लागली नाही. त्याची लबाडी पकडायचीच म्हणून सकाळी मी बोटीत उतरलो आणि इंजिनाचं झाकण काढलं.

पहिल्या सिलिंडरच्या वायरीवर मी खूण म्हणून बोर्गहिल्डची लाल नेलपॉलिश लावली होती. ती वायर आता दुसऱ्या सिलिंडरच्या प्लगवर होती. शालीखाली पठ्ठ्याने दोन वायरींची अदलाबदल केली होती, बस्स. मला नाचावंसं वाटलं. मग अदलाबदलीने इंजिन चालू का झालं, याचा विचार केला.

पिस्टन वर येतो दोनदा. एकदा पेट्रोलची वाफ दाबायला, एकदा धूर बाहेर टाकायला. ठिणगी पडायला हवी पहिल्या वेळी. मी टायमिंग लावलं होतं दुसऱ्या वेळेवर. एक सिलिंडर वाफ दाबतो तेव्हा दुसरा धूर टाकतो, म्हणून वायरी बदलताच दोन्हीकडे ठिणगी वेळेवर पडली. ही चूक करायला नवशिकेही लाजतात, आणि माझी तीस वर्षं यात गेलीत. आयलर्ट पूर्वी जहाजावर नोकरीला होता, ते ठसके ऐकूनच त्याने ओळखलं असणार. त्याला उघडं पाडायचं तर आधी मलाच उघडं पडावं लागणार होतं. मी झाकण परत लावलं आणि घरी गेलो.

शनिवारी योरुन दुकानात भेटली. तिचा नवरा श्युर, त्याच्या छातीत महिनाभर कळा येत होत्या. बर्गनच्या डॉक्टरांनी त्याला तातडीने बोलावलं होतं. तिने 'येत नाही' असं कळवलं होतं. ज्या हातांनी इंजिन उठवलं, ते हात आयलर्ट उद्या श्युरच्या छातीवर ठेवणार होता.

रविवारी मी सगळ्यांना पुन्हा धक्क्यावर बोलावलं. दोन्ही वायरी मूळ जागी लावल्या. इंजिन पुन्हा नुसतं ठसकायला लागलं. "चूक माझी होती," मी म्हणालो. माझे कान तापले होते. "टायमिंग मी उलटं लावलं. योरुन, आता या दोन वायरी तूच बदल."

तिने बदलल्या, चावी फिरवली. इंजिन सुरू झालं. शाल नाही, मंत्र नाही.

मी आयलर्टकडे वळलो. "जहाजाच्या इंजिनरूममध्ये किती वर्षं होतास?"

"एकोणीस."

"मग वायरी बदलल्या, असं सरळ का नाही सांगितलंस?"

"मेकॅनिकला गरम वॉफल कोण देतं, ओड्वार?"

योरुन तोवर श्युरला हाताला धरून बोटीत बसवत होती.

बर्गनला कळलं, त्याच्या हृदयाची एक नळी जवळजवळ बुजली होती. ती उघडली. तो वाचला.

आता बेटावरची निम्मी इंजिनं आयलर्टकडे जातात, शालीशिवाय. काम चोख करतो मेला, मला आजही त्याचा हेवा वाटतो. पण श्युरच्या छातीत बदलायला वायरी नाहीत, हे आयलर्टला पक्कं ठाऊक होतं, तरी तो हात ठेवायला निघाला होता. म्हणून सांगतो, कोणी काही बरं करून दाखवलं की विचारा, कसं केलंस? जो सांगणार नाही, त्याच्या हाती आपलं माणूस देऊ नका.