पुण्याच्या हवेतला बर्फ

आम्रपालीला एकटीनं विमान उडवायची परवानगी मिळून पंधरवडा झाला होता. हडपसरच्या पुढे, शहराबाहेरच्या एका छोट्या धावपट्टीवर ती शिकत होती. वडील रतन महापालिकेत नोकरीला, आई ललिता शाळेत शिक्षिका. मुलगी पायलट होणार म्हणाली तेव्हा दोघं एकमेकांकडे नुसती बघत राहिली, पण 'नको' कोणीच म्हणालं नाही.

श्रावणातली सकाळ होती. ढग वर होते, हवा मात्र दमट. सराव संपवून ती दिवे घाटावरून परत निघाली. धावपट्टी जवळ येत होती म्हणून इंजिनाचा जोर कमी करायला तिनं थ्रॉटल मागे घेतला आणि विमान सावकाश खाली येऊ लागलं. फुरसुंगीच्या अलीकडे इंजिन एकदम थरथरलं. तिनं घाईनं थ्रॉटल पुढे ढकलला. इंजिन खोकल्यासारखं करू लागलं आणि त्याचा जोर आणखीनच गेला.

तिनं आधी विमानाचं नाक सावरलं, वेग तोलून धरला. मग तिनं खाली पाहिलं. समोर एक मोकळं शेत होतं, पण त्यावरून विजेच्या तारा गेल्या होत्या. तिनं विमान डावीकडे वळवलं. तिकडे लांबलचक पडीक रान होतं. इंजिन बंदच पडलं तर तिथे उतरायचं, असं तिनं ठरवलं.

"मॅडम, इंजिन नीट चालत नाहीये," ती रेडिओवर म्हणाली.

तिच्या प्रशिक्षक पूर्णिमा मॅडम जमिनीवरून ऐकत होत्या. "विमान उडतंय ना? मग उडवत राहा. काय काय केलंस ते सांग."

सांगता सांगताच तिला आठवलं. दमट हवेत इंजिन मंद चालवलं की इंधन आणि हवा मिसळणाऱ्या कार्ब्युरेटरमध्ये बर्फ धरतो, हे मॅडमनी शिकवलं होतं. पुण्यात कुठला बर्फ, म्हणून सगळा वर्ग हसला होता. थ्रॉटल मागे घेण्याआधी गरम हवेचा, म्हणजे 'कार्ब हीट'चा, नॉब ओढायचा असतो, आणि आज ती तेच विसरली होती.

"कार्ब हीट राहिली, मॅडम. आता ओढते."

तिनं नॉब ओढला आणि इंजिन आणखी बिघडलं. अख्खं विमान हादरू लागलं. नॉब परत आत ढकलावा म्हणून तिचा हात पुढे गेला.

"हात लावू नकोस," मॅडमचा आवाज आला, जणू त्या शेजारीच बसल्या होत्या. "बर्फ वितळतोय. त्याचं पाणी इंजिनात जातंय. थांब."

ती थांबली. पडीक रान जवळ येत होतं, त्यातली बाभळीची झुडपं वेगवेगळी दिसू लागली होती. मग इंजिननं एक मोठा आचका दिला आणि एकसुरात घरघरू लागलं. तिनं थ्रॉटल हलकेच पुढे नेला. विमान वर चढलं.

धावपट्टीवर ती ठरल्या जागेपेक्षा जरा लांब उतरली, पण सरळ उतरली. मॅडम शेडपाशी उभ्या होत्या.

"चुका सांग."

"कार्ब हीट विसरले. कारण न शोधता थ्रॉटल ढकलला. नॉब परत आत ढकलणार होते. आणि लांब उतरले."

"शेवटची मी बघितली. नॉबचं मी नुसतं ओळखलं होतं. ते कबूल करायची सक्ती नव्हती." मॅडमनी चष्मा पुसला. "तारा बघून शेत बदललंस, ते कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. दिसल्या म्हणून."

"वीस वर्षांत बऱ्याच जणांना नाही दिसल्या," मॅडम म्हणाल्या. पूर्णिमा मॅडमच्या तोंडून एवढं कौतुक निघालेलं वर्गातल्या कोणी ऐकलं नव्हतं.

दुपारी आम्रपालीनं सगळ्या वर्गासमोर उभं राहून घडलेलं जसंच्या तसं सांगितलं. एकही जण हसला नाही. सुदर्शन नावाच्या मुलानं विचारलं, "नॉब ओढल्यावर इंजिन किती वेळ वाईट चालतं?"

"आपला धीर सुटतो त्याच्याहून थोडा जास्त वेळ," ती म्हणाली.

संध्याकाळी घरी तिनं आईवडिलांनाही सांगितलं. ललिताबाईंचा हात कणकेतच थांबला. रतनराव म्हणाले, "उद्या किती वाजता जायचंय? मी सोडतो."

दुसऱ्या दिवशी मॅडमनी तिला त्याच विमानात एकटीला पाठवलं. कुंपणापलीकडे स्कूटरला टेकून रतनराव उभे होते. विमान दिवे घाटाच्या डोंगराकडे ठिपक्याएवढं होईपर्यंत ते बघत राहिले आणि मग ऑफिसला गेले.