थेंब न् थेंब

पार्लरवालीने कॅमेरा घेतला तो जाहिरातीला भुलून. समोरच्या दुकानाच्या काचेवर पुरुषभर उंचीचं पोस्टर होतं. पाण्यातून उसळलेली मुलगी, अंगावरचा थेंब न् थेंब मोजून घ्यावा असा. खाली ठळक अक्षरांत, ‘बटण दाबा, क्षण तुमचा.’ तिची लेक शर्यतीत पोहायची. आणखी काय हवं होतं?

बंदिस्त तलावावरच्या पिवळट उजेडात तिने बोट दुखेपर्यंत बटण दाबलं. फोटोत आली गुलाबी टोपी आणि मागे एक फराटा.

“आई, ही मी आहे की उकडलेला बटाटा?” लेक म्हणाली.

ती तडक दुकानात गेली. दुकानदाराने फोटो पाहिले. “ताई, पोस्टरवरच्या फोटोला वेगळी महागडी लेन्स होती, स्टुडिओचे दिवे होते. खाली लिहिलंय की.”

तिने पोस्टरला नाक लावलं. मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं खरं.

“शिवाय तुमचा हात हलतो,” तो म्हणाला.

हे मात्र तिला झोंबलं. दिवसभर लोकांच्या कानाशी कात्री चालवणारा हात तो! तिने ते फराटे पोस्टरएवढे मोठे करून आणले आणि पार्लरच्या काचेवर डकवले. खाली लिहिलं, ‘तोच कॅमेरा. आमचा तलाव. आमचे दिवे.’

लोक रस्त्यात थांबून एकदा इकडे, एकदा तिकडे बघू लागले. दुकानदार तणतणत आला. “माझ्या पोटावर पाय देताय तुम्ही!”

“खोटं लिहिलंय का काही? माझा हात हलतो ना, मग उद्या तुम्हीच तलावावर या.”

आणि तो आला. गुडघे टेकून, श्वास रोखून त्याने फोटो काढले. बटणं फिरवून पाहिली. फराटा नुसता काळवंडला. लेक निथळत येऊन डोकावली. “काका, तुमच्या फोटोत तर मी वांगं दिसते.”

त्यालाही हसू फुटलं. मग हळू आवाजात म्हणाला, “लेन्स फुकट देतो. काचेवरचे फोटो तेवढे उतरवा.”

लेकीचे डोळे चमकले. पार्लरवालीलाही क्षणभर मोह झाला, नाही असं नाही.

“नको,” ती म्हणाली. “मला फुकट द्याल. उद्याच्या गिऱ्हाइकाचं काय?”

पुढे कॅमेऱ्याच्या कंपनीचा माणूस आला, टाय लावून. फोटो ताबडतोब उतरवा म्हणाला. ती एका बाईचे केस कापत होती. तिने कात्री थांबवली नाही.

“केस कापायचेत?”

“नाही.”

“मग जाताना दार लोटून घ्या. आणि काचेला हात लावू नका, आत्ताच पुसलीय.”