खालून वर जाणारी तार

मित्रांनो, मी शाळेच्या प्रयोगशाळेतला एक जुना लाकडी फलक आहे. माझ्या अंगावर स्त्रीच्या शरीराचं चित्र आहे आणि चार छोटे दिवे आहेत. सर्वांत वर मेंदूतला हायपोथॅलॅमस, त्याखाली पीयूषिका ग्रंथी, मग अंडाशय आणि शेवटी गर्भाशयाचं अस्तर.

मला प्रयोगशाळेतल्या काकांनी घडवलं. त्यांनी सगळ्या तारा वरून खाली नेल्या आणि मोठ्या ऐटीत विज्ञानाच्या बाईंना दाखवल्या.

बाई हसल्या. "अहो काका, नुसते हुकूम सोडून घर तरी चालतं का? खालूनही वर निरोप जातो!"

काकांनी डोकं खाजवत मला पुन्हा भोकं पाडली आणि अंडाशयाकडून वर जाणारी तारही जोडली. आता अंडाशय उजळलं, की त्याच्या इस्ट्रोजेन या संप्रेरकामुळे पीयूषिकेचा दिवा मंदावतो. इस्ट्रोजेन भरपूर वाढून टिकलं, तर उलट तिला जोर चढतो आणि बीज बाहेर पडतं. मग अंडाशयाचंच दुसरं संप्रेरक, प्रोजेस्टेरॉन, लगाम खेचतं. तेही ओसरलं, की अस्तर गळून पाळी येते, लगाम सैल होतो आणि नवं चक्र सुरू होतं. किती शहाणा कारभार!

माझी खूप वाहवा झाली. पण त्या बाई निवृत्त झाल्या आणि पुढचे सर "हा धडा घरी वाचा" म्हणून मोकळे झाले. मी कपाटामागे धूळ खात पडलो. फार वाईट वाटायचं.

यंदा नव्या बाईंनी मला बाहेर काढलं. तास संपल्यावर शाळेची धावपटू मुलगी मागे रेंगाळली.

"बाई, चार महिने माझी पाळी आली नाही. माझ्यात काही बिघडलंय का? आईला कळलं तर ती माझं धावणंच बंद करेल."

"जेवतेस किती?"

"वजन वाढू नये म्हणून... अर्धंच."

बाईंनी माझा सर्वांत वरचा दिवा मालवला. खालचे तिन्ही विझले.

"हे फुटले का? नाही ना, शाबूत आहेत. पोटाला कमी पडलं, की वरून हाकच येत नाही. पण कारणं आणखीही असतात, ती डॉक्टर शोधतील. आईशी मी बोलते."

डॉक्टरांनी तपासून सराव थोडा कमी केला. आईनं धावणं बंद केलं नाही, डबा मात्र दुप्पट केला.

परवा ती धापा टाकत वर्गात शिरली. "बाई, आली!" सगळ्यांसमोर ती ओरडली, आणि कुणीही मान खाली घातली नाही.

मित्रांनो, शरीराची तक्रार मनात ठेवून कुढू नका. ती मुलगी चार महिने एकटीच भीत राहिली. सांगायला तिला एक मिनिटही लागलं नव्हतं.