न मोजलेले पन्नास मीटर

मी एक जुने स्टॉपवॉच आहे. कारखान्यात माझी हजारो भावंडे जन्मली, पण मित्रांनो, पोहण्याच्या तलावावर आयुष्य काढायचे भाग्य मला लाभले. अठरा वर्षे मी एकाच सरांच्या गळ्यात होते. क्लोरीनच्या पाण्याने माझा रंग उडाला, दोरी तीनदा बदलली; सरांचा अंगठा मात्र कधी चुकला नाही. "सरांचं टायमिंग म्हणजे काळ्या दगडावरची रेघ," असे मुले म्हणत आणि मी फुशारून जाई.

पुढे मुलांच्या दोन तुकड्यांच्या पाच झाल्या. पदक आले तर पोराची हुशारी, हुकले तर खापर सरांच्या माथी. पहाटे तलाव, संध्याकाळी तलाव आणि मधल्या वेळात पालकांचे फोन. घरीसुद्धा मी गळ्यातच! सरांच्या पत्नी काही सांगू लागल्या की सरांचा अंगठा आपोआप माझ्या बटणावर जाई.

"माझीही शर्यत लावलीय वाटतं?" त्या हसून विचारत. नंतर नंतर त्यांनी विचारणेच सोडले. मला फार वाईट वाटे.

निवड चाचणीला दोन दिवस उरले होते. सरांची लाडकी विद्यार्थिनी, जिला ते 'बेडके' अशी हाक मारत, जीव तोडून पन्नास मीटर पोहली. सर काठावर उभे होते, डोळे पाण्यावरच होते, पण अंगठा हललाच नाही. माझ्या पडद्यावर नुसती शून्ये.

"सर, किती?" तिने धापा टाकत विचारले.

"एकोणतीस पॉइंट आठ," सर म्हणाले. चक्क मनचा आकडा!

एवढ्या वेळेत निवड पक्की होती. तिने आनंदाने पाण्यावर हात आपटले. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

दुसऱ्या दिवशी सर तिच्याशेजारी काठावर बसले. "बेडके, काल मी बटण दाबलंच नव्हतं. थाप मारली मी. थकलोय गं खूप. कुणाला सांगावं तेच कळेना."

ती रडली, चिडली. मग डोळे पुसत म्हणाली, "मला सांगायचंत ना! आम्ही काय फक्त पोहायला येतो?"

चाचणीत तिची निवड थोडक्यात हुकली. निकालानंतर सरांनी तीन महिन्यांची रजा घेतली आणि मला कपाटात ठेवले. इथे मला करमत नाही. पण बाहेर सरांच्या पत्नी बोलतात, सर नुसते ऐकत असतात, आणि मला बरे वाटते.

मित्रांनो, तुम्हालाही कुणी सर किंवा बाई शिकवत असतील. सराव संपल्यावर एकदा विचारा, "तुम्ही कसे आहात?" उत्तर यायला वेळ लागेल. तेवढा वेळ मात्र मोजू नका.