नुसतं शेपूट हलवून

सरांचा बोटाएवढा प्लास्टिकचा जिवाणू ग्लिसरीनच्या टाकीत तासभर जागच्या जागी वळवळत होता. खऱ्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवाणूला साधं पाणीही असंच चिकट लागतं, म्हणून तर हे दाट ग्लिसरीन. पण त्याची ताठ शेपटी जशी डावीकडे जाई तशीच उजवीकडे येई, आणि जिवाणू जेवढा सरके तेवढाच परत येई.

"मोटरचा जोर वाढवा," सर म्हणाले.

"हो सर, बरोबर सर," दोघे सहायक एका सुरात म्हणाले.

टाक्या धुणाऱ्या मावशींचं डोकं फिरलं. बारा वर्षं त्यांचे हात याच चिकट टाक्यांत गेले होते. "जोर लावून काही होणार नाही. यात जेवढं जाल तेवढंच परत याल. शेपटीला पीळ द्या."

"मावशी, तुम्ही टाक्या धुवा."

सहायक फिदीफिदी हसले. मावशींनी धुवायच्या टाक्यांना हातही लावला नाही. त्यांनी पेन्सिलीभोवती तार गुंडाळली, जिवाणू बाहेर काढून ताठ शेपटीच्या जागी तो मळसूत्रासारखा पीळ थेट मोटरच्या फिरत्या दांड्यावर बसवला, त्याला पुन्हा ग्लिसरीनमध्ये सोडलं आणि बटण दाबलं. जिवाणू गरगरत निघाला तो पलीकडच्या काचेवर आपटूनच थांबला.

"हे तुम्हाला सुचलं कसं?" सरांनी विचारलं.

मावशींनी दोघा सहायकांकडे पाहिलं. "बारा वर्षं बघतेय, सर. नुसतं शेपूट हलवून पुढे जाता येतं, ते टाकीबाहेर. आत नाही."