अठ्ठ्याहत्तर टाक

"काका, एकदासुद्धा नाही! अठरा वर्षांच्या लॉगशीट कॉम्प्युटरवर चढवल्या, तापमान एकदाही ऐंशीच्या वर गेलेलं नाही. कमाल आहे तुमची."

अमरीन मनापासून बोलत होती. ही उरणजवळच्या मोऱ्याची पोरगी, कारखान्यात कॉम्प्युटरनेच प्लांट चालवायची नवी यंत्रणा बसवायला आलेली. समोर आमचे जुने ऑपरेटर पंढरीदादा खुर्चीच्या कडेवर बसले होते आणि मी लॅबची बाटली घेऊन दारात. दादांनी माझ्याकडे पाहिलं. मी बाटलीकडे पाहिलं. बाई गं, आता काय बोलायचं!

कारण तो हिशेब खोटा होता. महापेतल्या आमच्या केमिकलच्या कारखान्यात मोठ्या रिॲक्टरमध्ये, म्हणजे बंद टाकीत, ॲसिड हळूहळू सोडतात. तसं आतलं मिश्रण तापतं, आणि बाहेरून थंड पाणी फिरवून ते आवरायचं असतं. फार चढलं तर स्फोटाची भीती, म्हणून मर्यादा ऐंशी. ओलांडली की लाल फॉर्म भरा, प्लांट बंद, तीन दिवस चौकशी, आणि शेवटी खापर ऑपरेटरच्याच डोक्यावर. म्हणून काटा ब्याऐंशीला जाऊन खाली आला, की शिफ्टवरचं कोणीतरी म्हणायचं, "अठ्ठ्याहत्तर टाक." पडला शीटवर अठ्ठ्याहत्तर. पुढे ते आमचं बोलणंच झालं. कॅन्टीनमध्ये कोणी विचारलं, "सासूबाई कशा आहेत?" की उत्तर यायचं, "अठ्ठ्याहत्तर!" पोट धरून हसायचो आम्ही. आणि प्रत्येक शीटच्या तळाशी लॅबची सही असायची, म्हणजे माझी.

पंढरीदादा करावे गावचे. चौतीस वर्षं त्याच रिॲक्टरपाशी उभे. मेअखेरीस निवृत्त होणार होते. 'निर्दोष सेवा' अशी पितळी पाटी कोरायला टाकली होती, सत्कार ठरला होता. दादांच्या पत्नी सुनयनावहिनी तर साडीचा रंग सगळ्या आळीला विचारून बसल्या होत्या.

"हा प्रोग्रॅम आपला आपण शिकतो, काका," अमरीन सांगत होती. "मालाची बॅच लवकर संपली की त्याला गुण मिळतात. पण ऐंशी ओलांडायचं नाही, ही अट. आता खऱ्या रिॲक्टरवर चुका करत शिक, असं तर त्याला सांगता येत नाही. म्हणून तुमच्या शीट वाचून शिकला."

"आनि काय शिकला?"

"की मे महिन्याच्या दुपारीसुद्धा ॲसिड दुप्पट वेगाने सोडलं तरी चालतं. घाईच्या दिवसांत तुम्ही सोडलंय ना तसं? तरी अठ्ठ्याहत्तरच! सोमवारी दुपारी खरी चाचणी. तुम्ही बटनापाशी थांबा. ऐंशीला अलार्म वाजला की बंद करायचं."

दादांचा चेहरा उतरला. "पोरी, अलार्म वाजंपर्यंत ॲसिड आत गेलेला असतो. तो भायेर काढता येत नाय."

"पण तुमच्या शीटमध्ये तर कधी..."

दादा उठले आणि बाहेर गेले. मी मागोमाग. पाण्याच्या टाकीपाशी ते रुमालाने मान पुसत उभे होते.

"सुचिताबाय, ती अठ्ठ्याऐंशीला गेलेली बॅच आठवते?"

आठवते म्हणजे काय! तेव्हाही मे महिनाच होता. दादांनी आम्हा सगळ्यांना बाहेर हाकललं आणि जादा पाण्याचा व्हॉल्व्ह उघडून आठ मिनिटं एकटे आत राहिले. बाहेर आले तेव्हा शर्ट पिळून काढावा असा झाला होता. मग आम्ही अठ्ठ्याहत्तर टाकलं. खाली सही मीच केली.

"सोमवारी तेच होनार," दादा म्हणाले. "आनि आत ती पोर असनार."

ते आधी धनेशसाहेबांकडे गेले. धनेशसाहेब आता प्लांट मॅनेजर, पण कामाला लागले ते दादांच्या हाताखाली. अठ्ठ्याहत्तर टाकणं त्यांनीही तिथेच शिकून घेतलं होतं. त्यांनी दार लावलं.

"दादा, झाकली मूठ सव्वा लाखाची. मर्यादा खाली आण, एवढंच सांगा तिला. का ते नका सांगू. तीन आठवडे राहिलेत तुमचे, कशाला टेन्शन घेता?"

दादांनी तेही करून पाहिलं. पण अमरीनने मान हलवली. "मर्यादा आणीन की खाली. पण मिश्रण किती जोरात तापतं, हेच तो या आकड्यांवरून शिकलाय. मर्यादा सत्तर केली तरी त्याला वाटणार, अजून खूप लांब आहे. आकडेच चुकीचे असले तर अटीचा काय उपयोग?"

दादा खुर्ची ओढून तिच्यासमोर बसले.

"मंग ऐक. आमच्याकडं खाडीला बांध असायचा. कुठं कच्चा हाय ते आख्ख्या गावाला ठाव, पन सायब बघाया आला का सगले म्हननार, बांध मजबूत हाय. मंग उधानाला पानी घरात. ह्या शीटमंदी तसाच हाय. जिथं तीनदा लागोपाठ अठ्ठ्याहत्तर दिसंल, तिथं मी खोटा लिवलाय."

अमरीनचा हात की-बोर्डवरच राहिला.

सोमवारची चाचणी रद्द झाली आणि त्याच दिवशी चौकशी बसली. हेड ऑफिसचे दोन साहेब, धनेशसाहेब, मी आणि दादा. हेड ऑफिसवाल्यांनी विचारलं, "आणखी कोणाला माहीत होतं?"

"कोनाला नाय," दादा म्हणाले. "मी एकलाच लिवायचो."

धनेशसाहेब समोरचे कागद चाळत राहिले. आणि मी? मी गप्प बसले. नोकरीची बारा वर्षं राहिलीत, घरी म्हातारे सासू-सासरे आहेत, अशी कारणं मी स्वतःला दिली. खरं कारण एवढंच, की मी भित्री आहे. माझी मला इतकी लाज कधी वाटली नव्हती.

सत्कार रद्द झाला. दादांना प्लांटमध्ये पाऊल टाकायला बंदी झाली. उरलेले दिवस स्टोअरच्या खोलीत बसायचं. अमरीन रोज तिथे जाऊन बसू लागली. मी चहाच्या निमित्ताने डोकवायची. खोट्या आकड्यांच्या दोनशे बारा शीट होत्या. दादा एकेक समोर धरायचे. "ही गनपतीच्या आदल्या दिवसाची. शहाऐंशी लिव. ही... ही काय आठवत नाय."

"अंदाजे सांगा ना, काका."

"अंदाज नको. इतकी वर्सं अंदाजच लिवला. आठवत नाय, असाच लिव."

अमरीनने तसंच लिहिलं. म्हणाली, "चालेल. जिथे माहीत नाही तिथे प्रोग्रॅम धोका आहे असंच धरून चालेल. जरा घाबरूनच वागेल."

"घाबरलेला बरा," दादा म्हणाले आणि पुढची शीट घेतली.

चाचणी शेवटी एकतीस तारखेला दुपारी झाली. नवी मर्यादा पंच्याहत्तर. मी नमुने घ्यायला आत, धनेशसाहेब बटनापाशी, दादा बाहेर कॉरिडॉरमध्ये. ॲसिड सुरू झालं. साठ, पासष्ट, अडुसष्ट. एकाहत्तरला प्रोग्रॅमने ॲसिड आपणहून बंद केलं. आकडा त्र्याहत्तरपर्यंत चढला, तिथे घुटमळला, आणि खाली यायला लागला. धनेशसाहेबांनी बटनावरचा हात काढून पँटला पुसला.

मी धावत बाहेर आले.

"थांबला?" दादांनी विचारलं.

"थांबला. कोणी हात लावला नाही, दादा."

"कितीला?"

"एकाहत्तर."

"मी सत्तरला थांबवला असता. पन नवा हाय. शिकंल."

"दादा, त्या दिवशी मी बोलायला पाहिजे होतं. सही माझी होती."

"तू आत जा, बाय. नमुना थंड होतोय."

मी आत गेले नाही. गेटपर्यंत त्यांच्याबरोबर चालत गेले. निरोपाला आणखी कोणी नव्हतं. वॉचमनने रजिस्टर पुढे केलं आणि हळूच म्हणाला, "चार लिहा ना काका, शिफ्ट चारला सुटते. आज शेवटचा दिवस तुमचा, कोण बघतंय?"

दादांनी बाही मागे सारून घड्याळ पाहिलं. मग वाकून, सावकाश, वेळेच्या रकान्यात लिहिलं: तीन बावन्न.