कॉलर धरत नाही

कॉलरकाकांचे गुडघे सकाळी दहालाच संपले होते आणि दिवस तर अख्खा उरला होता. इस्पितळाच्या तळमजल्यावर त्यांची खोली. मानेचे, पाठीचे पट्टे बनवायचे. प्लास्टिक गरम करून वळवायचं, फोम कापून चिकटवायचा, बंद शिवायचे. तीस वर्षं हेच. खरं नाव पगाराच्या कागदावर होतं, ते तिथेच राहिलं.

समोर स्टुलावर भिंगरी. वय वर्षं सात. हे नाव कुणी पाडलं कोण जाणे, कारण पोरीला मान फिरवायचीच बंदी. मानेचे वरचे दोन मणके जन्मापासून सैल. ते घसरले तर आतल्या नसांची दोरी चेपायची, हातपाय कायमचे जायचे. सर्जनबाई म्हणत होत्या, स्क्रू घालून दोन्ही मणके जखडून टाकू. बाप म्हणत होता, कॉलर आहे ना! वर्षभरातली ही चौथी.

"अजून थोडी आवळा काका," बाप म्हणाला. "घट्ट असली की काम भागतं."

काकांनी बंद ओढला. तेवढ्यात भिंगरी म्हणाली, "काका, गंमत बघा." तिनं हनुवटी हळूच आत ओढली, मान खाली घातली आणि हसली. "फ्रॉकचं बटण दिसलं! शाळेत रोज करून दाखवते मी."

काकांनी झटकन दोन्ही हातांनी तिचं डोकं धरलं. "परत करायचं नाही. अजिबात नाही," ते खेकसले. बंद तपासले. सगळे जागच्या जागी. कॉलर हललीच नव्हती, आतली मान हलली होती.

गप्प बसता आलं असतं. बापाशी वाद म्हणजे तासाची निश्चिंती, आणि बाहेर बाकावर पाच जण ताटकळत होते. काकांनी हातातली कात्री खाली ठेवली.

"ऐक रे. कॉलर धरत नाही."

"म्हणजे ढिली झाली?"

"ढिली नाही. याहून आवळली तर पोरीला घास उतरायचा नाही. कॉलर नुसती आठवण करून देते, हलू नको म्हणून. आतलं हाड तिला जुमानत नाही."

"मग वर्षभर काय शोभेला घातली होती?"

हे वर्मी लागलं. "मला वाटलं पुरेल," काका म्हणाले. "नाही पुरत."

बापानं भिंतीवर बोट टेकवलं. नळाची कामं करायचा तो, बोटं सिमेंटनं फाटलेली. "काका, मी रोज भिंतीत ड्रिल मारतो. आतली लाइन दिसत नाही. दोनदा फोडलीय मी. एकदा तर हातात नकाशा होता, पण उलटा धरलेला. सगळं घर भिजलं. तिथे पाणी आलं. इथे काय येईल?"

"हे बाईंना विचार."

"त्या बोलायला लागल्या की मी नुसता हो हो करतो."

"चल, मी येतो," काका बोलून गेले आणि मग त्यांना दोन मजल्यांचा जिना आठवला.

भिंगरीला बाहेर सिस्टरजवळ बसवलं. सर्जनबाई एक ऑपरेशन उरकून आल्या होत्या, डोळे तांबारलेले, चहा निवलेला. बापानं भिंतीचं आणि पाइपचं सगळं सांगितलं. बाईंनी हसण्यावारी नेलं नाही. पडद्यावर स्कॅन लावला.

"हाड इथे साडेपाच मिलिमीटर, स्क्रू साडेतीन. ही गोल जागा दिसते? मेंदूला रक्त नेणारी नळी इथून जाते. उजवीकडे ती लांब आहे. डावीकडे हाडात वर चढलीय. तिथे मी या वाटेनं जाणारच नाही, मणक्याच्या मागच्या हाडाच्या कमानीतून आडवा स्क्रू घालीन."

"डावीकडे म्हणजे हे?" बापानं पडद्यावर बोट ठेवलं.

"नाही. चित्र पायांकडून बघितल्यासारखं असतं. पडद्याचं उजवं ते तिचं डावं."

"बघा काका! इथेही उलटंच!"

"म्हणून तर सुरू करण्याआधी मी, भूल देणारे डॉक्टर आणि सिस्टर, तिघं मोठ्यानं बाजू म्हणतो," बाई म्हणाल्या. "भोक पाडलं की बारीक सळीनं आतली भिंत चारी बाजूंनी चाचपते. भिंत लागली नाही तर स्क्रू नाही."

"आणि तरी चुकलं तर?"

"अठ्ठेचाळीस मुलं झाली माझ्या हातून. दोघांचे स्क्रू जरा बाहेर गेले, त्यातला एक काढून परत घातला. नळी एकदाही फुटली नाही. पण फुटणारच नाही, असं मी लिहून देणार नाही."

"आणि नाहीच केलं तर?" हे काकांनी विचारलं. बापाच्या तोंडून ते निघत नव्हतं.

"एकदा जोरात पडली तर सगळं संपलं. आणि मुलं पडतातच. केलं तर मान निम्मीच वळेल. उरलेलं ती अंगानं वळायला शिकेल."

बापानं पडद्याच्या उजव्या बाजूवर बोट टेकवून पाहिलं. मग टेबलावरचा संमतीचा फॉर्म ओढून त्यानं सही ठोकली आणि कागद काकांपुढे सरकवला. खाली साक्षीदाराची रेघ रिकामी होती.

अशा रेघेवर काकांनी कधी सही केली नव्हती. पट्टा दिला की आपलं काम संपलं, ही त्यांची जुनी रीत. त्यांनी पेन घेतलं. वाकड्या अक्षरात सही केली.

"आता तुम्हीपण अडकलात काका," बाप म्हणाला.

"अडकलोच. सरक जरा, बसू दे मला. पाय गेलेत माझे."